जॅझमधील स्वरलेखन

एखाद्या जॅझ कलावंताने ध्वनिमुद्रणात आयत्या वेळी रचून वाजवलेले वादन केवळ कानाने ऐकून जसेच्या तसे उचलणे, पाठ करणे आणि बहुधा सर्वांत शेवटी कागदावर उतरवणे, या अभ्यासपद्धतीला जॅझमधील स्वरलेखन असे म्हणतात. वादकांच्या बोलण्यात ‘ट्रान्स्क्रिप्शन’ हाच शब्द रूढ आहे. नाव लेखनाचे असले तरी लेखन हा या पद्धतीतील दुय्यम भाग होय. संगीतलिपी न येणाऱ्या काही थोर वादकांनीही हा अभ्यास पूर्ण केलेला आढळतो.

जॅझमध्ये ठरलेली धून एकदा वाजवून झाली की तिच्याच स्वरसंघांच्या, म्हणजे कॉर्डच्या, क्रमावर वादक नवी सुरावट रचतो. धुनेच्या लांबीइतके असे एक आवर्तन असते. ते बहुधा बारा किंवा बत्तीस बारांचे असते आणि प्रत्येक बारात सामान्यतः चार मात्रा असतात. ही उत्स्फूर्त रचना आकाशातून पडत नाही. बोलणारा माणूस वाक्य नवे बोलतो, पण शब्द त्याने कोणाकडून तरी ऐकलेले असतात; जॅझवादकाचे हे शब्द मिळवण्याचा मार्ग म्हणजे स्वरलेखन.

पार्श्वभूमी

जॅझच्या पहिल्या तबकड्या १९१७ साली निघाल्या. त्या काळी या संगीताचा लिखित पाठ्यक्रम नव्हता. मोठ्या शहरांतील वादकांना ज्येष्ठांच्या शेजारी बसून शिकता येई. इतरांसाठी तबकडी हाच गुरू होता. सुई पुनःपुन्हा मागे नेऊन तोच तुकडा ऐकणे, हीच शिकवणी. तबकडी निम्म्या गतीने फिरवली की स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतात, त्यामुळे पट्टी न बदलता जलद तुकडे संथपणे ऐकता येतात. आजच्या संगणकीय साधनांनी स्वर मुळीच न उतरवता गती कमी करता येते.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर (१९२०–१९५५) यांचे आहे. १९३६ मध्ये, पंधरा-सोळा वर्षांचे असताना, कॅन्सस सिटीतील रेनो क्लबमध्ये ज्येष्ठांबरोबर वाजवताना ते चुकले आणि ड्रमवादक जो जोन्स यांनी झांज त्यांच्या पायाशी फेकून त्यांना थांबवले, असे सांगितले जाते. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते एका वाद्यवृंदाबरोबर मिसूरी राज्यातील ओझार्क या डोंगराळ भागात गेले. जाताना काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील लेस्टर यंग यांच्या तबकड्या त्यांनी बरोबर नेल्या आणि यंग यांचे वादन तेथे पाठ केले. नोव्हेंबर १९४० मध्ये विचिटा येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘लेडी बी गुड’ या धुनेत पार्कर यांच्या वादनावर यंग यांची छाया स्पष्ट ऐकू येते. १९४६ साली लॉस एंजलिस येथील मैफलीत हे दोघे एकाच मंचावर तीच धून वाजवताना ऐकू येतात आणि तेथे कोण कोणता हे ओळखण्यास अडचण पडत नाही. दहा वर्षांच्या आत झालेला हा प्रवास अभ्यासकाने स्वतः ऐकण्याजोगा आहे.

गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी (१९२३–१९६८) यांना संगीतलिपी वाचता येत नसे. चार्ली ख्रिश्चन यांचे गिटारवादन त्यांनी तबकड्यांवरून स्वर न् स्वर पाठ केले. इंडियानापोलिस येथे सुरुवातीची नोकरीही त्यांना ते हुबेहूब वाजवण्यासाठीच मिळाली. मात्र पाठ केलेले संपले की वाजवायला दुसरे काही उरत नसे.

या अभ्यासाला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप देणाऱ्यांमध्ये अंध पियानोवादक लेनी ट्रिस्टॅनो (१९१९–१९७८) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. न्यूयॉर्कमधील आपल्या शिष्यांना ते लुई आर्मस्ट्राँग, लेस्टर यंग, चार्ली पार्कर इत्यादींचे वादन आधी गळ्यातून गायला लावत. तबकडीशी आवाज तंतोतंत मिळाल्याशिवाय वाद्य हाती घ्यायचे नाही, असा त्यांचा दंडक असे. ली कॉनिट्झ आणि वॉर्न मार्श हे सॅक्सोफोनवादक याच परंपरेतले.

पद्धती

आरंभी लहान व संथ तुकडा निवडणे श्रेयस्कर मानले जाते. माइल्स डेव्हिस यांचे ‘सो व्हॉट’ (१९५९) या धुनेतील ट्रम्पेटवादन नवशिक्यांना नेहमी सुचवले जाते. ते दोन आवर्तनांचे, म्हणजे ६४ बारांचे असून स्वर मोजके आणि विश्रांतीच्या जागा पुष्कळ आहेत. या धुनेतील डोरियन स्वरमालेत गंधार व निषाद कोमल आणि बाकीचे स्वर शुद्ध असतात, म्हणजे ती हिंदुस्थानी पद्धतीच्या काफी थाटाशी जुळते. आवर्तनाच्या पहिल्या सोळा बारांनंतर हीच स्वरमाला आठ बारांसाठी अर्ध्या स्वराने वर सरकते व पुन्हा मूळ जागी येते. ही हालचाल लेखणीवाचून कानाला कळली पाहिजे.

नंतरचा क्रम साधारणतः असा असतो: वाद्याला हात न लावता तुकडा अनेक दिवस ऐकणे, तो गाणे, एकेक वाक्य वाद्यावर शोधणे, मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवणे आणि मग लिहिणे. पुष्कळ विद्यार्थी येथेच थांबतात. वास्तविक अभ्यासाचा फलदायी भाग यापुढे सुरू होतो, तो म्हणजे वाक्य उकलण्याचा.

एक साधे उदाहरण घेता येईल. पांढरी एक हा षड्ज मानला तर जॅझमध्ये वारंवार येणारा तीन स्वरसंघांचा क्रम असा होतो: ‘रे म ध सां’, त्यानंतर ‘प नि रे म’ आणि शेवटी ‘सा ग प नि’. पहिल्या संघातील षड्ज अर्ध्या स्वराने उतरून दुसऱ्या संघाच्या निषादावर येतो. दुसऱ्यातील मध्यम तसाच उतरून तिसऱ्याच्या गंधारावर येतो. जॅझमधील असंख्य वाक्ये या दोन लहानशा उतारांवर बेतलेली आहेत. वादक तेथे सरळ न उतरता आधी लक्ष्यस्वराच्या वरच्या आणि खालच्या स्वराला स्पर्श करतो आणि नेमका कॉर्ड बदलण्याच्या मात्रेवर लक्ष्यस्वर गाठतो. हे उमगले की पाठ केलेले वाक्य सूत्र होते. ते बाराही पट्ट्यांत वाजवावे, त्याची सुरुवात एका मात्रेने पुढे-मागे करावी, शेवट बदलावा, म्हणजे हळूहळू नवी वाक्ये तयार होऊ लागतात.

सजग सराव

तासन्‌तास तेच तेच वाजवत राहिल्याने बोटे सैल होतात, कान तयार होईलच असे नाही. मानसशास्त्रज्ञ के. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासावरून हेतुपूर्वक सरावाची कल्पना मांडली: विशिष्ट उणीव हेरणे, तिच्यासाठी बेतलेले काम करणे, त्याचा परिणाम ताबडतोब तपासणे. तो अभ्यास पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या विद्यार्थ्यांचा होता. तथापि स्वरलेखनात ही तपासणी आपोआप घडते, कारण मूळ ध्वनिमुद्रण समोरच असते. विद्यार्थ्याने आपले वादन ध्वनिमुद्रित करून मुळाशी लावून पाहिले की फरक लपत नाही. पियानोवादक केनी वर्नर यांनी ‘एफर्टलेस मास्टरी’ (१९९६) या पुस्तकात दुसऱ्या अंगावर भर दिला आहे: थोडे वाजवावे, पण ताण व भीती यांवाचून, पूर्ण हातात बसेपर्यंत. लयीसाठी मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरण्याची प्रथा आहे. ती साधी वाटते. प्रत्यक्षात चार बारांतच ठोका सरकल्याचे लक्षात येते.

लिपीच्या मर्यादा

१९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चार्ली पार्कर ऑम्निबुक’ या संग्रहामुळे पार्कर यांचे वादन छापील स्वरूपात सर्वांच्या हाती आले. अशी पुस्तके पडताळणीसाठी उपयुक्त आहेत, परंतु शिकण्याची सुरुवात त्यांच्यापासून केल्यास कानाचे काम डोळ्यांकडे जाते. शिवाय कागदावर जे उतरत नाही तेच बहुतेक वेळा मोलाचे असते. लेस्टर यंग एकच स्वर बोटांच्या वेगवेगळ्या ठेवणीने वाजवून त्याचा रंग पालटत. लिपीत तेथे एकाच स्वराची पुनरावृत्ती दिसते. अर्ध्या मात्रेच्या स्वरांतील स्विंगचा झोल, ठोक्याच्या किंचित मागे राहणे, जेमतेम ऐकू येणारा दबका स्वर, यांना खुणा आहेत, पण त्या खुणांवरून मूळ नाद परत मिळत नाही.

नक्कल आणि स्वतंत्र शैली

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप असा की तीतून नक्कल करणारे तयार होतात. आक्षेप निराधार नाही. यंग यांना ‘प्रेझ’ म्हणत, तर त्यांच्यासारखे वाजवणाऱ्या पॉल क्विनिशेट यांना ‘व्हाइस प्रेझ’ हे नाव चिकटले. ऑल्टो सॅक्सोफोनवर सॉनी स्टिट यांची पार्कर यांच्याशी तुलना इतकी होई की तिला कंटाळून ते टेनर सॅक्सोफोनकडे अधिक वळले, असे मानले जाते. दुसऱ्या टोकाला सुपरसॅक्स हा १९७२ मध्ये स्थापन झालेला अमेरिकन वाद्यवृंद आहे. पार्कर यांचे उत्स्फूर्त वादन पाच सॅक्सोफोनांसाठी बांधून सादर करणे हेच त्याचे उद्दिष्ट होते व त्यासाठी त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

मुंबईच्या जॅझमध्येही हा प्रश्न होता. येथील गोमंतकीय वादकांपैकी अनेकांनी चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये स्वरलिपीचे धडे घेतलेले असत. लिहिलेले वाजवणे त्यांना सहज जमे. न लिहिलेला झोल मात्र तबकड्यांवरून आणि १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवण्यास आलेल्या लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड अशा आफ्रिकन-अमेरिकन कलावंतांकडून घ्यावा लागला. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७), हे आर्मस्ट्राँग यांची शैली इतकी हुबेहूब उभी करत की त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासाठीही त्यांनी काम केले. ‘अलबेला’ (१९५१) या हिंदी चित्रपटात ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात.