पॅराशूटचे छत्र व कंटेनर यांची मापजुळणी

पॅराशूटचे छत्र व कंटेनर यांची मापजुळणी म्हणजे स्कायडायव्हिंगमध्ये वापरले जाणारे छत्र आणि ते घडी करून ज्यात ठेवतात ती पाठीवरील पिशवी, म्हणजेच कंटेनर, यांची मापे परस्परांना साजेशी निवडण्याची प्रक्रिया होय. छत्राचे माप उडी घेणाऱ्याच्या वजनावरून व अनुभवावरून ठरते, तर कंटेनरचे माप छत्राच्या घडीवरून ठरते. हा क्रम उलटल्यास, म्हणजे हाती असलेल्या कंटेनरमध्ये बसते एवढ्यावरून छत्र निवडल्यास, छत्र उघडताना किंवा जमिनीवर उतरताना जिवाला धोका संभवतो.

रचना

स्कायडायव्हिंगच्या आधुनिक कंटेनरला दोन कप्पे असतात. खालच्या कप्प्यात मुख्य छत्र व वरच्या कप्प्यात राखीव छत्र असते. प्रत्येक छत्र आधी एका थैलीत भरले जाते व ती थैली कप्प्यात बसवली जाते. कप्प्याच्या झडपा एकमेकींवर दुमडून त्यांच्या कड्यांतून दोरीचा एक लहान फास ओवतात आणि त्या फासात धातूची पिन अडकवतात. पिन निघाली की झडपा मोकळ्या होतात. मुख्य छत्राच्या बाबतीत उडी घेणारा पायलट शूट नावाचे लहान छत्र हाताने वाऱ्यात सोडतो. ते पिन ओढते व पाठोपाठ थैली बाहेर काढते. राखीव कप्प्यातील पायलट शूट स्प्रिंगच्या जोराने बाहेर उसळते.

छत्राचे माप

छत्राचे माप चौरस फुटांत सांगितले जाते. १७० मापाचे छत्र म्हणजे १७० चौरस फूट, सुमारे १५.८ चौरस मीटर क्षेत्रफळाचे छत्र. उडी घेणारी व्यक्ती, तिचे कपडे व सर्व साधने यांचे एकूण वजन पौंडांत घेऊन त्याला छत्राच्या क्षेत्रफळाने भागले असता पंखभार मिळतो. उदाहरणार्थ, ६० किलो वजनाच्या व्यक्तीजवळ ११ किलोची साधने असल्यास एकूण ७१ किलो, म्हणजे सुमारे १५६ पौंड होतात. अशा व्यक्तीचा पंखभार २१० मापाच्या छत्राखाली ०.७५, १७० मापाच्या छत्राखाली ०.९२ आणि १५० मापाच्या छत्राखाली १.०४ भरतो.

पंखभार वाढला की वेगही वाढतो. वेग पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने पंखभार दुप्पट झाल्यास वेग सुमारे १.४ पट होतो. लहान छत्र वळणेही अधिक झपाट्याने घेते आणि चूक सुधारण्यास कमी अवधी देते. यामुळे नवशिक्यांना मोठी छत्रे दिली जातात व अनुभवाबरोबर माप टप्प्याटप्प्याने कमी केले जाते.

घडीचे घनफळ

कंटेनरच्या दृष्टीने क्षेत्रफळापेक्षा घडीचे घनफळ महत्त्वाचे असते. ते घन इंचांत मोजतात. १७० मापाच्या मुख्य छत्राची घडी साधारणपणे ४०० घन इंचांच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेसहा लिटर भरते. मात्र एकाच मापाच्या दोन छत्रांची घडी सारखी असेलच असे नाही. त्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

• कापड: हवा आरपार जाऊ न देणारे लेपयुक्त नायलॉन गुळगुळीत व निसरडे असते. नव्या छत्राच्या घडीतील हवा काढणे कठीण जाते. वापराने कापड मऊ पडते व घडी सोपी होते. 
• दोऱ्या: डॅक्रॉनच्या दोऱ्या जाड असतात. स्पेक्ट्रा किंवा व्हेक्ट्रानच्या दोऱ्या बारीक असल्याने कमी जागा घेतात. 
• कप्पे: नऊ खणांच्या छत्रात सात खणांच्या छत्रापेक्षा कापडी पडदे व दोऱ्या अधिक असतात. 
• मोजणी: उत्पादकांच्या क्षेत्रफळ मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. त्यामुळे एकच आकडा असलेली छत्रे प्रत्यक्षात लहानमोठी असू शकतात.

घट्ट कंटेनरचे धोके

लहान खोळीत जाड गादी कोंबावी त्याप्रमाणे मोठे छत्र लहान कप्प्यात बसवता येते, परंतु ते वेळेवर बाहेर येईल याची खात्री उरत नाही. फासावर ताण वाढल्याने पिन जड होते. पिन निघाली तरी थैली कप्प्यात अडकून राहू शकते आणि पायलट शूट वाऱ्यात असूनही छत्र उघडत नाही. फास लवकर झिजतो, झडपांची शिवण ताणली जाते व कंटेनर पाठीवर कठीण गोळ्यासारखा बसतो.

सैल कंटेनरचे धोके

मोठ्या कप्प्यात लहान छत्र ठेवल्यास फासावर पुरेसा ताण राहत नाही. विमानात बसताना, दाराशी घासताना किंवा हवेत उलटसुलट होताना पिन आपोआप निघू शकते. विमानाच्या दारातच छत्र उघडल्यास ते विमानाच्या शेपटीत अडकण्याचा धोका असतो. पायलट शूट खिशातच राहून थैली आधी बाहेर पडल्यास दोऱ्यांचा घोड्याच्या नालेसारखा बाक तयार होतो. ही अत्यंत घातक अवस्था मानली जाते. फास आखूड करून थोडा सैलपणा दूर करता येतो, पण या उपायाला मर्यादा आहे.

राखीव छत्र

राखीव कप्प्याच्या बाबतीत तडजोडीला वाव नसतो. अमेरिकी मानकानुसार राखीव छत्राची पिन निघण्यास २२ पौंडांपेक्षा अधिक जोर लागता कामा नये. घडी अतिघट्ट असल्यास ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. स्वयंचलित यंत्रणेने फास कापला तरी थैली कप्प्यातून मोकळेपणाने निघावीच लागते. राखीव छत्राची घडी प्रशिक्षित रिगर करतो. अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी नव्याने करणे बंधनकारक आहे. कंटेनर लहान व आटोपशीर दिसावा म्हणून राखीव छत्र लहान घेण्याचा मोह धोक्याचा ठरतो, कारण संकटसमयी, कदाचित बेशुद्धावस्थेत, त्याच छत्राखाली उतरावे लागते. दोन्ही छत्रे चुकून एकाच वेळी उघडल्यास त्यांची मापे जवळपासची असणे हितकारक असते.

उंच प्रदेशातील उड्या

पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर व डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिकावर पॅराशूट उडी घेतली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट शिखरासमोर सुमारे २१,५०० फुटांवर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली व त्या सुमारे १७,५०० फूट उंचीच्या भागात उतरल्या.

अशा उंचीवर मापजुळणीचा प्रश्न अधिक बिकट होतो. १७,५०० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ५८ टक्केच असते. त्यामुळे तेच छत्र सुमारे १.३ पट वेगाने जमिनीकडे येते. समुद्रसपाटीवरील वेग कायम ठेवायचा असल्यास छत्राचे क्षेत्रफळ सुमारे १.७ पट, म्हणजे १७० ऐवजी जवळजवळ २९० चौरस फूट असावे लागेल. एवढ्या मोठ्या छत्राची घडी नेहमीच्या कंटेनरमध्ये मावत नाही. म्हणून छत्र बदलताना कंटेनरचाही विचार नव्याने करावा लागतो.

जुळणीची पद्धत

प्रथम एकूण वजन व अनुभव यांवरून मुख्य व राखीव छत्रांची मापे ठरवतात. नंतर त्या छत्रांचा प्रकार, कापड व दोऱ्या कंटेनरच्या उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहतात. तक्त्यात प्रत्येक कंटेनरसाठी घट्ट, योग्य व सैल बसणारी छत्रे दिलेली असतात. जुना कंटेनर घेताना त्याचे मूळ माप, निर्मितीचा दिनांक व त्यातील बदल रिगरकडून तपासून घेतात. शेवटी प्रत्यक्ष घडी करून पिनेवरील ताण आणि थैली बाहेर येण्यातील सहजता जमिनीवरच पाहतात. तक्ता व प्रत्यक्ष घडी यांत तफावत आढळल्यास उत्पादकाचा सल्ला मिळेपर्यंत ती जोडी वापरात आणली जात नाही.