बियाण्यांतील स्त्रीधन

ज्या शेतकऱ्यानें संकरित ज्वारीच्या बीजोत्पादनाचा प्लॉट एकदां तरी केला आहे, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. शेतांत मादीच्या कांहीं ओळी व नराच्या कांहीं ओळी अशी पेरणी असते. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळीं नराच्या ओळींतून हिंडलें तर अंगरख्यावर पिवळी धूळ बसते. मादीच्या कणसावर मात्र कितीही हात झाडला तरी तळव्यावर परागाचा कण लागत नाहीं. मादीचें झाड अंगापिंडानें धड असतें, कणीस भरदार असतें, परागकोशही असतात. पण ते पोकळ. हें वैगुण्य रोगामुळें आलेलें नव्हे व खताच्या अभावानेंही नव्हे. त्याचें मूळ त्या झाडाला आईकडून, आणि केवळ आईकडूनच, मिळालेलें असतें. बापाकडचें रक्त कितीही पिढ्या घातलें तरी फार तर तें झांकलें जाईल, निघून जात नाहीं. असें कां होतें, व त्यांत धोका कोणता, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

ग्रेगोर मेंडेल यानें वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ सालीं जे नियम प्रसिद्ध केले, ते आतां शाळेंतल्या मुलांनाही शिकवितात. त्यांचा मथितार्थ असा कीं, संततीला आईकडून निम्मा व बापाकडून निम्मा वांटा मिळतो. उंच झाडाचा पराग बुटक्यावर घाला कीं बुटक्याचा उंचावर घाला, फळ एकच. ह्या वांट्याचीं जनुकें पेशीच्या केंद्रांत, गुणसूत्रांवर असतात. हे विसरले गेलेले नियम १९०० सालीं ज्यांनीं पुन्हां उजेडांत आणिले, त्यांपैकीं कार्ल कोरेन्स हा एक जर्मन शास्त्रज्ञ होता. मौज अशी कीं, त्या नियमांत न बसणारी गोष्टही १९०९ सालीं ह्याच कोरेन्सनें दाखवून दिली. आणि तीही आपल्या परसांत उगवणाऱ्या गुलबाक्षीवर.

त्याच्याजवळ गुलबाक्षीचा एक निराळा वाण होता. त्याच्या एकाच झाडावर कांहीं फांद्या निखळ हिरव्या, कांहीं पांढऱ्याफटक, व कांहीं हिरव्यापांढऱ्या ठिपक्यांच्या असत, आणि तिन्ही प्रकारच्या फांद्यांवर फुलें येत. कोरेन्सनें प्रत्येक प्रकारच्या फुलावर तिन्ही प्रकारच्या फुलांचा पराग आळीपाळीनें घालून पाहिला. निघालें तें असें : हिरव्या फांदीच्या बियांपासून सर्व रोपें हिरवीं, मग पराग कोणाचाही असो, पांढऱ्या फांदीच्या बियांपासून सर्व पांढरीं, व अन्न तयार करतां न आल्यामुळें तीं कोवळेपणींच मेलीं, ठिपक्यांच्या फांदीच्या बियांपासून मात्र तिन्ही प्रकारचीं. बापाला विचारणाराच कोणी नाहीं !

कारण हें कीं, पानाचा हिरवा रंग ज्या हरितकणांत असतो ते केंद्रांत नसून केंद्राभोवतींच्या पेशीद्रव्यांत असतात. ते कोणी नव्यानें घडवीत नाहीं. जुन्या कणाचेच दोन होतात. ह्या हरितकणांत, तसेंच पेशीला शक्ति पुरविणाऱ्या तंतुकणिकांत, स्वतःचीं जनुकें असतात ही गोष्ट १९६० नंतरच्या दशकांत निर्विवाद ठरली. अतिप्राचीन काळीं हे कण स्वतंत्र सूक्ष्म जीव होते व मोठ्या पेशींत शिरून तेथेंच नांदूं लागले, असें आतां बहुतेक सर्व शास्त्रज्ञ मानतात. भाताच्या खाचरांत आपण जें निळें-हिरवें शेवाळ खत म्हणून सोडतों, त्याचे दूरचे भाऊबंदच प्रत्येक पानांत बसलेले आहेत म्हणा ना !

आतां बीं धरतें तेव्हां काय होतें तें पाहूं. अंडपेशी ही भरलेल्या कणगीसारखी असते. केंद्राबरोबर हे सारे कण तिच्यांत असतात. परागांतून येणारी नरपेशी इवलीशी. बहुतेक पिकांत तिच्यांतील असे कण वाटेंतच नाहींसे होतात किंवा मागें राहतात, आणि केंद्र तेवढें आंत शिरतें. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत आईच्या स्त्रीधनावर मुलींचा हक्क पहिला मानिला आहे. त्याचीच येथें आठवण होते. नर झाडालाही हें धन त्याच्या आईकडून मिळालेलें असतें, परंतु त्याला तें आपल्या परागाबरोबर पुढें देतां येत नाहीं. पेशींची वांटणी होतांनाही हाच भेद दिसतो. केंद्रांतील वांटणी मोजणीदारानें सांखळी लावून करावी तशी काटेकोर. पेशीद्रव्याची वांटणी खळ्यावर टोपल्यांनीं रास वांटावी तशी. दोन जातींचे दाणे मिसळलेल्या राशींतून एखादी टोपली एकाच जातीची भरावी, त्याप्रमाणें ठिपक्यांच्या फांदींतून कधीं निखळ हिरवी व कधीं निखळ पांढरी रोपें निघतात.

ह्या नियमाला अपवाद आहेत, आणि ते थोडे नाहींत. आपल्या लसूणघासांत हरितकण आईकडून व बापाकडून असे दोहोंकडून येतात; पाइनच्या झाडांत ते बापाकडून येतात; काकडींत तंतुकणिका बापाकडून येतात. परंतु ज्वारी, मका, कांदा ह्या पिकांत आईचाच वारसा चालतो, व आपला संबंध त्यांच्याशीं आहे.

कोणी म्हणेल कीं, ह्या चिमूटभर जनुकांचें एवढें कौतुक कशाला ? संख्येनें तीं थोडीं आहेत हें खरेंच. १९८६ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं तंबाखूच्या हरितकणांतील सबंध डीएनए वाचला. त्याचीं अक्षरें भरलीं सुमारें १ लक्ष ५६ हजार. ज्वारीच्या केंद्रांत तीं सुमारें ७३ कोटी आहेत. परंतु हवेंतील कर्बवायु पकडून त्याचें अन्न करण्यास जें रुबिस्को नांवाचें प्रथिन लागतें, त्याचा मोठा भाग हरितकणांतील जनुकावरून घडतो व लहान भाग केंद्रांतील जनुकावरून घडून हरितकणांत पाठविला जातो. दोहोंचा सांधा बसला तरच पान कामास लागतें. एकीचें पेशीद्रव्य व दुसऱ्याचें केंद्र अशी जोडी जमविली कीं हा मेळ कधीं कधीं बिघडतो, आणि बिघडण्याची पहिली जागा बहुधा पराग ही असते.

ह्या बिघाडाचा उपयोग प्रथम कांद्यांत झाला. १९२५ सालीं कॅलिफोर्नियांत डेव्हिस येथें हेन्री जोन्स यांना लाल कांद्याचें एक पराग नसलेलें झाड आढळलें. कांद्याचें फूल इतकें बारीक कीं, संकरासाठीं त्यांतील परागकोश हातानें काढीत बसणें शेताच्या प्रमाणावर अशक्य. येथें तर निसर्गानेंच तें काम करून ठेविलें होतें. ज्वारींत हीच युक्ति १९५४ सालीं टेक्सासांत स्टीफन्स व हॉलंड यांनीं दाखविली. मायलो ज्वारी मादी धरून तिच्यावर काफिर ज्वारीचा पराग पिढ्यान्‌पिढ्या घातला, तेव्हां केंद्र काफिरचें व पेशीद्रव्य मायलोचें असें नरवंध्य झाड तयार झालें. १९६४ सालीं भारतांत प्रसारित झालेल्या सी.एस.एच.-१ ह्या पहिल्या संकरित ज्वारीची आई ह्याच कुळांतील होती.

ह्या पद्धतींत तीन वाण सांभाळावे लागतात. पहिला, नरवंध्य मादी. दुसरा, केंद्रानें तिच्यासारखाच पण निर्दोष पेशीद्रव्याचा; त्याचा पराग घातला कीं मादीचा वंश जसाच्या तसा पुढें चालतो. तिसरा, ज्याच्या केंद्रांत पराग परत आणणारें जनुक आहे असा नर. ह्याच्यामुळेंच शेतकऱ्याच्या शेतांतील संकरित कणसें दाण्यांनीं भरतात. पहिला व दुसरा हे फुलोऱ्यापर्यंत दिसण्यांत जुळे. म्हणून मादीच्या ओळींत दुसऱ्याचीं झाडें भेसळ आलीं असलीं तर तीं फुलोऱ्याच्या आरंभीं रोज सकाळीं हिंडून, पराग उडण्यापूर्वींच उपटावीं लागतात. एक दिवस आळस केला तर बियाणें बाटलें. संकरित पिकाचें बीं घरीं ठेवून पुन्हां पेरूं नये ह्याचेंही एक कारण येथेंच आहे. त्या सर्व झाडांत मायलोचें पेशीद्रव्य असतेंच. पराग आणणारें जनुक मात्र कांहींना मिळतें, कांहींना मिळत नाहीं. त्यामुळें शेतांत पोकळ परागकोशांचीं झाडें पुन्हां डोकें वर काढितात.

आतां धोक्याविषयीं. अमेरिकेंत मक्याच्या बीजोत्पादनांत मादीचे तुरे खुडण्याला फार मजूर लागत. टेक्सासांत सांपडलेल्या एका नरवंध्य पेशीद्रव्यानें हा खर्च वांचविला, आणि पाहतां पाहतां तेंच सर्वत्र पसरलें. १९७० सालीं त्या देशांतील सुमारें शेंकडा ८५ मका ह्या एकाच पेशीद्रव्याचा होता. वाणांचीं नांवें शेंकड्यांनीं, कंपन्या निरनिराळ्या, केंद्रांतील जनुकें निरनिराळीं. परंतु आजी एकच. त्या वर्षीं पानांवर करपा आणणाऱ्या बुरशीचा एक प्रकार दक्षिणेंतून उत्तरेकडे पसरत गेला व त्यानें नेमका हाच मका गांठला. साध्या पेशीद्रव्याच्या मक्याला त्याची विशेष बाधा झाली नाहीं. सबंध देशाच्या पिकापैकीं शेंकडा १५ च्या सुमारास मका बुडाला. नुकसानीचा अंदाज १०० कोटि डॉलरच्या घरांत गेला. त्यानंतर तेथील बीजोत्पादक पुन्हां तुरे खुडूं लागले.

हें अकस्मात् घडलें असेंही म्हणतां येत नाहीं. टेक्सास पेशीद्रव्याच्या मक्यावर हा करपा अधिक पडतो, हें फिलिपाइन्समध्यें १९६१ सालींच नोंदलें गेलें होतें. तें कोणी मनावर घेतलें नाहीं. खर्च वांचत असला म्हणजे दूरदेशची सूचना ऐकूं येत नाहीं, हा मनुष्यस्वभावच आहे. पुढें १९८६ च्या सुमारास ह्या रोगाचें मर्म उलगडलें. त्या मक्याच्या तंतुकणिकांत जनुकांचे तुकडे भलतीकडे जुळून एक नवें जनुक बनलें होतें. त्याचें प्रथिन तंतुकणिकेच्या पडद्यांत जाऊन बसे. परागकोशाच्या अस्तरांतील पेशी त्यामुळें अकालीं मरत व पराग पोकळ राही. आणि बुरशीचें विष ह्याच प्रथिनाला चिकटून पडद्याला भोकें पाडी. म्हणजे ज्या दोषाचा आपण उपयोग केला तोच रोगाचा दरवाजा होता. बापाकडील जनुकानें पराग परत आणिला तरी हा दरवाजा कांहीं बंद होत नसे.

येथें एक गल्लत टाळली पाहिजे. बाजरीच्या पहिल्या संकरित वाणांवर १९७० नंतर केवड्याची भयंकर सांथ आली, तेव्हां दोष तिच्या पेशीद्रव्याला देण्यांत आला. पुढील तपासणींत असें दिसलें कीं, अपराधी पेशीद्रव्य नसून आईच्या केंद्रांतील जनुकें होतीं. तेव्हां प्रत्येक आपत्तीचें खापर आजीवर फोडूं नये. ज्वारीच्या मायलो पेशीद्रव्यावरही मक्यासारखा प्रसंग आलेला नाहीं.

तरीपण आपल्याकडील संकरित ज्वारीचे वाण बहुतेक सारे त्या एका मायलोच्याच पोटचे आहेत, ही गोष्ट बियाण्याच्या पिशवीवर छापलेली नसते. पिशवीवर वाणाचें नांव असतें, आजीचें नसतें. संशोधकांनीं दुसरीं पेशीद्रव्येंही जमा केलीं आहेत, आणि त्यांतील एक आपल्या सोलापुराकडील रब्बीच्या मालदांडीचें आहे. मालदांडी स्वतः परागानें भरलेली असते. परंतु तिच्या पेशीद्रव्यांत दुसऱ्या कांहीं वाणांचें केंद्र आणून बसविलें कीं झाड नरवंध्य होतें. अडचण एवढीच कीं, तिच्या लेकींना पराग परत देऊं शकणारे नर फार थोडे सांपडतात. जुन्या गांवठी ज्वारींतून असे नर हुडकून काढावयाचे, तर त्या ज्वारीचें बीं कोणाच्या तरी कणगींत अजून शिल्लक असलें पाहिजे.