मल्टी-टूल घ्यायचं? आधी पात्याचं बघा

घरात जुन्या फरशीवर नवी लादी बसवायची ठरली की दाराची लाकडी चौकट आडवी येते. ती खालून लादीच्या जाडीएवढी कापली, तर लादी तिच्याखाली नीट सरकते. पण जमिनीलगत करवत चालत नाही, आणि एवढ्याशा कामाला सुतार चार-चार दिवस फिरकत नाही. अशा अडचणीच्या जागेसाठी ऑसिलेटिंग मल्टी-टूल नावाचं यंत्र मिळतं. गटाने मिळून ते घ्यायचं म्हटलं तर काय बघायचं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

याचं पातं ग्राइंडरसारखं गरगर फिरत नाही. ते डावीकडे-उजवीकडे जेमतेम ३ अंश हलतं, पण मिनिटाला १० ते २० हजार वेळा. दवाखान्यात हाताचं प्लास्टर कापतात ते यंत्र आठवा, तत्त्व तेच. १९६७ साली जर्मनीच्या फाइन कंपनीने प्लास्टर कापायला काढलेल्या यंत्रातूनच पुढे ही घरकामाची यंत्रं आली. म्हणून ते ग्राइंडरसारखं उसळत नाही, नवख्या हातालाही आवरतं. मात्र प्लास्टरखालची कातडी वाचते म्हणून इथे बोट वाचेल, असं समजू नका. लाकडाच्या पात्याचे दात बोट चांगलंच कापतात.

पावसाळ्यात फुगून घासणारं दार, लांब फळ्या, यासाठी हे यंत्र घेऊ नका. तिथे रंधा आणि करवतच बरी.

आता पाती. खरा खर्च इथे होतो, कारण यंत्र एकदाच घ्यायचं, पाती झिजत राहतात. साध्या पोलादी पात्याने लाकूड, प्लायवुड आणि प्लास्टिकचा पाईप कापतो. पण जुन्या चौकटीत खिळा हमखास असतो, आणि खिळा लागला की साध्या पात्याचे दात गेलेच. त्यासाठी बायमेटल पातं घ्या. ते थोडं महाग, पण लाकूड आणि साधा खिळा दोन्ही कापतं. गंजून अडकलेला कडक पोलादी स्क्रू असेल तर कार्बाइड दातांचं लागतं. मोरीतल्या लादीच्या सांध्यातलं जुनं सिमेंट काढायला दात नसलेलं, खरखरीत कार्बाइडचं पातं येतं. आमच्या मते सुरुवातीला दोन बायमेटल आणि एक सांध्याचं पातं पुरे. पन्नास पात्यांचा स्वस्त डबा बघून भुलू नका. त्यात बहुतेक लाकडाचीच असतात.

पातं यंत्राला बसतं ती खाच कंपनीप्रमाणे बदलते. २०१६ मध्ये बॉश आणि फाइनने ‘स्टारलॉक’ ही खाच आणली. तिचे साधी, प्लस आणि मॅक्स असे तीन प्रकार आहेत. मॅक्सच्या यंत्राला तिन्ही पाती बसतात, साध्या यंत्राला फक्त साधीच. तेव्हा आधी विचारा, या यंत्राची पाती तालुक्याच्या दुकानात मिळतात का? नसतील तर ते यंत्र कितीही स्वस्त असो, सोडा.

बॅटरीचं की वायरचं? गटाकडे आधीच बॅटरीचं ड्रिल असेल आणि तीच बॅटरी बसत असेल, तर बॅटरीचं घ्या. नाहीतर वायरचं स्वस्त पडतं आणि पॉलिशपेपर लावून तासभर घासलं तरी थांबत नाही. लाईटचा भरवसा नसलेल्या गावाने मात्र विचार करावा.

चालवताना जोर लावायचा नाही. पातं हलकं टेकवून थोडं डावं-उजवं फिरवत राहायचं, म्हणजे ते तापत नाही. धूर आला तर थांबा. लोखंडाला वेग कमी ठेवा. भिंतीजवळ काम असेल तर आधी मेन स्विच बंद, मग बॅटरीचं यंत्र किंवा शेजारून घेतलेली वायर. पातं बदलताना प्लग काढलेला हवा. पदर खोचून, केस बांधून, चष्मा आणि मास्क लावूनच बसा.

छपराच्या सिमेंट पत्र्याला मात्र हे यंत्र लावू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते, वर्षांनंतर कॅन्सरही होऊ शकतो. साध्या कापडी मास्कने ती अडत नाही.

दुकानात दोघीजणी जा, आणि पैसे देण्याआधी पातं बसवून, काढून, पुन्हा बसवून दाखवायला सांगा.