विश्लेषण : वर्गातल्या पडद्यामुळे मुले शिकली, की नुसती पाहत राहिली? भावी शिक्षकांचे ‘चिंतन’ का महत्त्वाचे?

‘डिजिटल साधनांच्या वापरामुळे पाठ प्रभावी झाला. विद्यार्थ्यांनी उत्साहाने सहभाग घेतला.’ बी.एड.च्या छात्राध्यापकाला पाठानंतरच्या चिंतनाचा रकाना अशा दोन ओळींत सहज भरता येतो. फाइल पूर्ण होते, सहीही मिळते. मात्र कोणत्या मुलाला काय समजले, याचा त्यात पत्ता नसतो. शाळांत स्मार्ट बोर्ड, टॅब आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता पोहोचत आहे. ही साधने कधी वापरायची आणि कधी बाजूला ठेवायची, हे शिक्षक शिकणार कुठे?

छात्राध्यापकाचे ‘चिंतन’ म्हणजे नेमके काय?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या म्हणजेच एनसीटीईच्या २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील आंतरवासिता २० आठवड्यांची केली. पहिल्या वर्षी ४ आठवडे आणि दुसऱ्या वर्षी १६. या काळात छात्राध्यापक पाठ टाचण काढतो, निरीक्षकासमोर पाठ घेतो आणि पाठ कसा झाला याची नोंद दैनंदिनीत करतो.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३मधील आपल्या पुस्तकात या सवयीचे महत्त्व मांडले. त्यांच्या मते, कसलेला व्यावसायिक दोन वेळा विचार करतो. एकदा काम सुरू असताना आणि पुन्हा एकदा काम संपल्यावर. नवख्या शिक्षकाला पहिला प्रकार जमणे कठीण असते. हातात खडू, नजर घड्याळावर आणि मागच्या बाकावर निरीक्षक, अशा स्थितीत तो टाचणातली पुढची पायरी गाठण्याच्या घाईत असतो. म्हणून पाठ संपल्यावर शांतपणे मागे वळून पाहणे त्याच्यासाठी जास्त गरजेचे. हीच सवय मुरली, की काही वर्षांनी पाठ सुरू असतानाही विचार करता येऊ लागतो.

वर्गातील तंत्रज्ञान नवीन आहे का?

नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारताने अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवले. ‘साइट’ नावाच्या या प्रयोगात शाळकरी मुलांसाठी वेगळे कार्यक्रम होते. १९८४-८५मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत संगणक आले. महाराष्ट्रात २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट आली. अनेक गावांनी त्यासाठी लोकवर्गणी काढली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड दिसू लागले.

प्रत्येक टप्प्यावर यंत्र आधी आले. ते वापरणाऱ्या शिक्षकाच्या तयारीचा प्रश्न नंतर पुढे आला.

आज साधने किती पोहोचली आहेत?

केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार २०२३-२४मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणकाची सोय होती आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. २०२४-२५मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ६४.७ आणि ६३.५ टक्क्यांवर गेले. तरीही तीनपैकी एका शाळेत संगणक नाही, असा याचा अर्थ. त्यामुळे वातानुकूलित प्रयोगशाळेत ‘स्मार्ट’ पाठ शिकलेला छात्राध्यापक नोकरीला लागेल, त्या शाळेत ते साधन असेलच याची खात्री नाही.

मुलांच्या घरचे चित्र वेगळे आहे. ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२४’ अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीआधीच्या आठवड्यात त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे पडद्याची नवलाई मुलांपुरती केव्हाच संपली आहे. चित्र हलते म्हणून मुले फार तर पाच मिनिटे गप्प बसतील. तेवढ्याने ती शिकली असे म्हणता येत नाही.

साधन आले की शिकणे वाढते का?

आपोआप वाढत नाही. ‘ओईसीडी’ या संघटनेने २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, शाळांमधील संगणकांवर मोठा खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित किंवा विज्ञानात ठळक सुधारणा दिसत नसल्याचे म्हटले होते. ‘युनेस्को’च्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालाचा रोखही तोच होता : तंत्रज्ञान हे साधन आहे खरे, पण ते कोणाच्या अटींवर वापरले जात आहे?

याची दुसरी बाजूही आहे. दिल्लीत शाळेबाहेरील केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमावर कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे साडेचार महिन्यांत मुलांची गणित आणि हिंदीतील प्रगती लक्षणीय वाढल्याचे त्यात दिसले. कारण तो कार्यक्रम प्रत्येक मुलाची खरी पातळी तपासून तिथून पुढे शिकवत होता. आठवीतल्या मुलाला भागाकार येत नसेल, तर त्याला भागाकारापासून सुरुवात करून मिळत होती. एका शिक्षकाला चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात जे रोज करणे अवघड जाते, ते यंत्राने केले.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडसाठी त्यांचे नाव झाले. मात्र त्यांच्या कामाची सुरुवात, पुस्तक मुलांच्या घरच्या भाषेत म्हणजे कन्नडमध्ये नाही, या अडचणीपासून झाली होती. आधी अडचण ओळखली, मग कोडचा मार्ग निवडला.

‘टीपॅक’ काय सांगते?

पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या प्राध्यापकांनी २००६मध्ये मांडलेली ‘टीपॅक’ ही चौकट बी.एड.च्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरती तरी पाठ असते. तिचा आशय सोपा आहे. शिक्षकाला तीन गोष्टी कळाव्या लागतात : विषय, शिकवण्याची रीत आणि साधन. या तिन्ही सुट्या कळून भागत नाही. हा घटक, या मुलांना, या साधनाने शिकवणे योग्य का, याचे उत्तर तिन्ही एकत्र आल्यावरच मिळते.

एनसीटीईच्या बी.एड. अभ्यासक्रम आराखड्यात माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाची ‘चिकित्सक’ जाण हा स्वतंत्र घटक आहे. त्यातला ‘चिकित्सक’ हा शब्द महत्त्वाचा. पीपीटी बनवता येणे हे कौशल्य झाले. या पाठाला पीपीटी नकोच, असे कारणासह सांगता येणे ही चिकित्सा.

प्रत्यक्ष पाठात फरक कसा पडतो?

चंद्राच्या कलांचा पाठ घेऊ. छात्राध्यापक अॅनिमेशन लावतो. वीस सेकंदांत अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत चंद्र भरतो आणि पुन्हा कलतो. ‘समजलं का?’ ‘हो, सर!’ पाठ संपतो. मात्र पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी-जास्त दिसतो, हा मुलांचा नेहमीचा गैरसमज तसाच राहतो. उलट, सुंदर चित्रामुळे आपल्याला समजले अशी त्यांची खात्री होते.

आता तेच अॅनिमेशन अष्टमीला थांबवले तर? ‘उद्या चंद्र कसा दिसेल? वहीत काढा आणि का ते लिहा,’ असे सांगून तीन मिनिटे दिली, की वर्गात चार-पाच वेगवेगळी चित्रे निघतात. वाद होतो. मग चित्र पुढे सरकते. आधी अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण अशी ही रीत आहे. त्यानंतर खोली अंधारी करून एक दिवा लावायचा. मुलांनी हातभर अंतरावर, डोक्यापेक्षा जरा उंच धरलेला चेंडू घेऊन जागच्या जागी फिरायचे. चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो. आपल्याला त्यातला किती दिसतो, तेवढेच बदलते. चेंडू खाली घेऊन आपल्या डोक्याच्या सावलीत आणला, की ग्रहण होते. कला आणि ग्रहण यांतला फरक मुलांच्या हातातच उलगडतो.

उरलेले काम घरच्या दिनदर्शिकेवर सोपवता येते. संकष्टीला चंद्रोदयासाठी रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते, हे अनेक घरांत मुलांनी पाहिलेले असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज सरासरी ५० मिनिटे उशीर होत जातो. त्यामुळे चौथ्या दिवशी तो उशिरा दिसणारच. अॅनिमेशन दोन्ही पाठांत एकच होते. दुसऱ्या पाठात शिक्षकाने ते थांबवले.

वीज गेली तर काय?

हा प्रश्न चिंतनात बहुधा ‘अडचणी’ या रकान्यात एका ओळीत संपतो. प्रत्यक्षात तो नियोजनाचा भाग आहे. व्हिडीओ आधीच उतरवून ठेवणे, ‘फेट’सारख्या प्रतिरूपणांची इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती सोबत ठेवणे, आवाज मागच्या बाकापर्यंत जातो का हे तपासणे, खिडकीतल्या उजेडात पडदा दिसतो का ते पाहणे, ही तयारी टाचणात लिहिलेली असायला हवी. केबल आणि पासवर्ड शोधण्यात ३५ मिनिटांच्या तासिकेतली दहा मिनिटे गेली, तर शिकवण्याचा जवळजवळ तिसरा भाग गेला. फळ्यावर आकृती काढून तोच पाठ पुढे नेता आला का, ही खरी परीक्षा. तक्ते आणि फलकलेखन यांचा सराव म्हणूनच कालबाह्य ठरत नाही.

चॅटजीपीटीने लिहिलेले टाचण चालेल का?

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून टाचण मिनिटभरात मिळते. उद्दिष्टे, कृती, मूल्यमापनाचे प्रश्न, सारे नीटनेटके. उदाहरणे शोधायला, प्रश्नांची काठिण्यपातळी बदलायला अशी मदत घेण्यात गैर काही नाही. मात्र या वर्गातली काही मुले घरी गोंडी, भिली किंवा कोरकू बोलतात, कालच्या पाठात अपूर्णांकांवर निम्मा वर्ग अडला, हे यंत्राला कोणी सांगितल्याशिवाय माहीत नसते. शिवाय यंत्र चुकीची माहितीही ठामपणे देते. ती पकडायला विषयाची पक्की जाण लागते.

टाचणापेक्षा गंभीर धोका चिंतनाचा आहे. न घडलेल्या पाठावरही यंत्र छान चिंतन लिहून देईल. टाचण उसने घेतले तर एक पाठ फसेल. चिंतन उसने घेतले, तर पाठ का फसला हे कधीच कळणार नाही.

मुलांच्या फोटोंचे काय?

पाठाचा पुरावा म्हणून वर्गाचे फोटो आणि व्हिडीओ काढून समूहांवर टाकण्याची पद्धत रूढ झाली आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण ‘बालक’ आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती हा सर्वसाधारण नियम आहे. छात्राध्यापक शाळेत पाहुणा असतो. मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय चेहरे टिपू नयेत, नावे-गुण जाहीर करू नयेत आणि मुलांना कोणत्याही अॅपवर परस्पर खाते उघडायला सांगू नये, हे पथ्य त्याने पहिल्याच दिवशी पाळायला हवे.

पाठानंतर काय लिहावे?

‘प्रभावी’, ‘उत्साही’, ‘रंजक’ अशी विशेषणे टाळली, की चिंतन आपोआप सुधारते. त्यांच्या जागी काही साध्या प्रश्नांची उत्तरे हवीत :

• हे साधन नसते, तर या पाठात नेमके काय अडले असते?
• पडदा सुरू असताना मुले काय करत होती? पाहत होती, लिहीत होती, की बोलत होती?
• कोणत्या मुलाचे कोणते उत्तर अनपेक्षित होते?
• मागच्या बाकावरच्या, न बोलणाऱ्या मुलाच्या वहीत काय होते?
• उद्या हाच पाठ दुसऱ्या तुकडीत घ्यायचा असेल, तर एक कोणती गोष्ट बदलणार?

शेवटच्या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व. बदल सुचवला नाही, तर ते चिंतन नसून इतिवृत्त असते.

जबाबदारी केवळ छात्राध्यापकाची आहे का?

नाही. साधन वापरले म्हणून निरीक्षण तक्त्यात गुण मिळत असतील, तर गरज नसतानाही प्रत्येक जण प्रोजेक्टर लावणार. ‘पाठ फसला’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापले जात असतील, तर कोणी तसे लिहिणार नाही. दैनंदिनीवर तारीख-सही करण्याऐवजी निरीक्षकाने एखादा प्रश्न लिहून ती परत दिली, आणि पुढच्या पाठात तोच धागा पाहिला, तर या २० आठवड्यांचे चीज होईल.

आजचा छात्राध्यापक पुढची ३० ते ३५ वर्षे वर्गात असेल. या काळात आजचे बोर्ड, टॅब आणि अॅप अनेकदा बदलतील. प्रत्येक नव्या साधनासाठी त्याला प्रशिक्षण मिळेलच असे नाही. पाठानंतर वहीत पाहून, कोण कुठे अडले हे शोधण्याची सवय मात्र त्याला आंतरवासितेतच लागू शकते. ती लागली नाही, तर त्याची किंमत मागच्या बाकावरचे मूल मोजते.