यात नवे ते काय?



एप्रिलमधील सोलापूरची दुपार डोळ्यांसमोर आणा. पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असतो. स्कूटरच्या रेक्झिनच्या आसनावर दहा मिनिटे बसून उठले, की विजार घामाने ओली होऊन पायांना चिकटते. सुती चादर घातलेल्या बाजेवर बसले असता मात्र इतका त्रास होत नाही. असे का होते बरे?

हाच प्रश्न आमच्या शहरातील नववीच्या एका मुलीला पडला होता. काही वर्षांपूर्वी शालेय विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो, तेव्हा तिने एक आसन मांडले होते. वरती बारीक छिद्रे पाडलेले रेक्झिन आणि त्याच्या खाली टेरी टॉवेलचा थर. तिचे वडील टॉवेलच्या यंत्रमागावर काम करीत, त्यामुळे कापडाला तोटा नव्हता. टॉवेलची कड तिने रेक्झिनच्या बाहेर चार बोटे लोंबती ठेवली होती.

मी पाहिले आणि म्हणालो, "छिद्रांतून घाम आत जातो हे सर्वांना ठाऊक आहे. टॉवेल पाणी शोषतो हेही ठाऊक आहे. यात नवे ते काय?"

ती हळूच म्हणाली, "सर, सगळ्यांना ठाऊक आहे, तर मग आजवर कोणी केले का नाही?"

मी हसलो आणि पुढच्या टेबलाकडे वळलो. ते हसणे किती चुकीचे होते, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

रेक्झिनच्या पोटात

प्रथम रेक्झिन म्हणजे काय ते पाहू. 'रेक्झिन' हे मुळात इंग्लंडमधील एका कंपनीच्या मालाचे नाव. पुढे आपल्याकडे सर्वच कृत्रिम चामड्याला ते चिकटले. जुन्या आसनाचा फाटका तुकडा मिळाला, तर त्याची कड भिंगाखाली धरा. तो एकसंध नसून थरांचा बनलेला आहे, असे तुम्हांला दिसेल. सर्वांत खाली विणलेले कापड असते. ते ताण सहन करते. मधला थर स्पंजासारखा असतो. प्लास्टिकच्या लगद्यात तापल्यावर वायू सोडणारे द्रव्य मिसळलेले असते, त्या वायूच्या बुडबुड्यांमुळे हा थर फुगतो व मऊ होतो. सर्वांत वर पातळ, टणक साल असते. तिच्यावर चामड्यासारख्या सुरकुत्या उठवलेल्या असतात. ही साल बहुधा पॉलिव्हिनिल क्लोराईड किंवा पॉलियुरेथेन या बहुवारिकाची असते.

खऱ्या चामड्यात तंतूंचे दाट जाळे असते. त्यातील फटींतून पाण्याची वाफ बाहेर पडू शकते. पॉलिव्हिनिल क्लोराईडच्या सलग सालीतून ती जवळजवळ जाऊच शकत नाही. म्हणून घाम तेथेच साचतो.

यावर उपाय शोधण्यासाठी मोठमोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे खर्च केली आहेत. पाण्याचा रेणू अतिशय लहान असतो. एका मिलिमीटरच्या लांबीत असे सुमारे तीस लाख रेणू एका ओळीत मावतील. पावसाचा थेंब मात्र मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठा. तेव्हा सालीला हजारांश मिलिमीटरची छिद्रे ठेवली, तर वाफ बाहेर जाईल आणि थेंब आत येणार नाही. हे तत्त्व वापरून अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने 'कॉर्फॅम' नावाचे कृत्रिम चामडे तयार केले व १९६४ मध्ये बाजारात आणले. त्यातून वाफ जात असे. परंतु खरे चामडे जसे वापरून वापरून पायाच्या आकाराचे होते, तसे ते होत नसे. १९७१ मध्ये कंपनीने ते बंद केले. त्याच सुमारास, १९७० मध्ये, जपानमधील तोरे कंपनीच्या मियोशी ओकामोतो यांनी वेगळीच वाट धरली. समुद्रात बेटे असावीत, तसे एका बहुवारिकाच्या धाग्यात दुसऱ्या बहुवारिकाचे अनेक सूक्ष्म तंतू त्यांनी बसवले. मग बाहेरचा 'समुद्र' विरघळवून टाकला आणि केसापेक्षा कितीतरी बारीक 'बेटे' तेवढी उरली. या तंतूंपासून मऊ, सुएडसारखे कृत्रिम चामडे तयार झाले.

म्हणजे पाहा, कापड, फेस आणि साल या तीन ओळखीच्या गोष्टी. पण त्या कशा रचायच्या यात सारी बुद्धी पणाला लागते.

पेटंट म्हणजे एक करार

अशा शोधाला पेटंट मिळू शकते. मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात. हा शोधक आणि समाज यांच्यातील एक करारच आहे. शोधकाने आपली युक्ती काहीही न लपवता लिहून द्यायची. त्याबदल्यात अर्ज केल्यापासून वीस वर्षे ती युक्ती इतरांना वापरू न देण्याचा हक्क त्याला मिळतो. त्यानंतर ती सर्वांची होते.

भारतात पेटंटाचा पहिला अर्ज १८५६ मध्ये कलकत्त्यात झाला. तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी होता. आज लागू असलेला कायदा १९७० चा असून त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या आहेत. पेटंट कार्यालयाचे मुख्य ठाणे कोलकात्यात आहे आणि दिल्ली, मुंबई व चेन्नई येथे शाखा आहेत. सोलापूरच्या माणसाचा अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातो.

अर्ज सामान्यतः अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणीची मागणी केल्यावर तो परीक्षकाकडे येतो. परीक्षक मुख्यतः तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू नवी आहे काय? तिच्यात कल्पक पाऊल आहे काय? ती उद्योगात करता किंवा वापरता येईल काय? शंका असतील त्या तो अहवालात लिहून कळवतो, अर्जदार उत्तर देतो आणि शेवटी नियंत्रक निर्णय करतात.

यांतला पहिला प्रश्न तुलनेने सोपा आहे. जगात कोठेही, कोणत्याही भाषेत, अर्जाच्या तारखेपूर्वी तीच गोष्ट छापलेली वा वापरात असली, की नवेपणा संपला. हळदीचे उदाहरण प्रसिद्धच आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. 'आमच्या आजीला हे ठाऊक होते' एवढे म्हणून भागले नाही. परिषदेने जुने लेखी पुरावे शोधून काढले. त्यांत १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले.

दाराची मूठ आणि पितळी भांडे

दुसरा प्रश्न खरा अवघड. वस्तू नवी असेल, पण ती कोणालाही सहज सुचण्यासारखी असेल तर? कायद्यात हा 'कोणीही' म्हणजे रस्त्यावरचा माणूस नव्हे, तसा तो थोर शास्त्रज्ञही नव्हे. त्या कसबात मुरलेला जाणकार कारागीर, असे समजा. त्याला जे सहज सुचेल, त्याला पेटंट नाही.

१८५१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दाराच्या मुठीचे एक प्रकरण आले होते. मुठी लाकडाच्या किंवा धातूच्या असत. अर्जदारांनी त्या चिनी मातीच्या केल्या. न्यायालय म्हणाले, सामग्री बदलणे हे चांगल्या कारागिराचे काम झाले, शोधकाचे नव्हे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्ये असाच प्रश्न आला. लेथवर कातण्यासाठी भांडी पकडून ठेवण्याची एक योजना होती. तिचे पेटंट १९५१ मधील होते. न्यायालयाने ती जुन्या साधनात केलेली कारखान्यातील किरकोळ सुधारणा ठरवली आणि पेटंट टिकले नाही. पण निकालात एक मोलाची कसोटीही सांगितली आहे. ज्याने हा शोध पाहिलेला नाही, अशा कुशल कारागिराची कल्पना करा. त्याच्यापुढे तीच अडचण आणि अर्जाच्या तारखेपर्यंतचे ज्ञान ठेवा. आता तो या उत्तरापर्यंत पोचला असता काय?

'शोध पाहिलेला नाही' हे शब्द लक्षात ठेवा. सारे मर्म त्यांत आहे.

हळद आणि चुना

थरांच्या वस्तूंबाबत आणखी एक नियम उपयोगी पडतो. ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी ठेवल्या आणि प्रत्येक आपापले जुने काम वेगळे करीत राहिली, तर आपल्या कायद्यानुसार तो शोध नव्हे. चिवड्यात शेंगदाणा शेंगदाण्यासारखाच लागतो आणि पोहे पोह्यांसारखेच. पण हळद आणि चुना एकत्र करून पाहा. एक पिवळी, दुसरा पांढरा, आणि मिश्रण होते लाल! दोघांपैकी एकातही नसलेला गुण एकत्र आल्यावर प्रकट झाला. ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे, म्हणून आज तिला पेटंट मिळणार नाही. परंतु ज्याने ती प्रथम केली, त्याच्या बाबतीत 'यात काय, दोन पुडी तर मिसळल्या' असे म्हणणे अन्यायाचे झाले असते.

न उघडलेली वही

आता पुन्हा त्या आसनाकडे वळू. प्रदर्शन आटोपल्यावर विज्ञानाच्या शिक्षिकांनी मला त्या मुलीची वही दाखवली. टेबलावर ती माझ्या समोरच होती, पण मी उघडली नव्हती.

तिने चार आसने केली होती. प्रत्येकावर सारखेच ओले फडके ठेवून वर सारखेच वजन ठेवले आणि ठरावीक वेळाने फडके तोलले. पहिले आसन साध्या रेक्झिनचे. त्यावरील फडके ओलेच राहिले. दुसऱ्याला नुसती छिद्रे होती. त्यातही फारसा फरक पडला नाही, कारण खाली पाणी ओढून घेणारे काहीच नव्हते. तिसऱ्यात छिद्रांखाली टॉवेल होता, पण तो चारी बाजूंनी शिवून बंद केलेला. सुरुवातीला त्याने पाणी ओढले, मग तो भिजून थांबला. चौथ्यात टॉवेलची कड बाहेर लोंबत होती. तेथे मात्र फडके सर्वांत अधिक वाळले.

कारण आता तुमच्या लक्षात आले असेल. समईतील वात तेल वर ओढते. ज्योतीपाशी ते जळून जाते, म्हणूनच खालून नवे तेल येत राहते. येथे टॉवेलचे सुती तंतू केशाकर्षणाने पाणी कडेपर्यंत नेतात. कडेला वाऱ्यावर त्याचे बाष्पीभवन होते, म्हणून आतून आणखी पाणी येत राहते. छिद्रे, टॉवेल आणि मोकळी कड या तिघांपैकी एक जरी काढले, तरी काम अडते.

आपल्याकडे स्कूटरवाले काय करतात? टॉवेल आसनाच्या वर टाकतात. तो भिजतो, मळतो, घसरतो. इतकी वर्षे हजारो लोकांनी टॉवेल वर टाकला. या मुलीने तो खाली नेला आणि त्याची वात केली. गरज जुनी, साहित्य हाताशी, तरी उत्तर कोणी काढले नाही, हा कल्पक पाऊल असल्याचा एक पुरावा मानला जातो. म्हणजे मला तिने विचारलेला प्रश्न हा मुरलेल्या वकिलाचा प्रश्न होता!

माझी चूक कोठे झाली? उत्तर समोर दिसत होते आणि मी तेथून उलटा मागे चालत गेलो. कोडे सुटल्यावर ते नेहमीच सोपे वाटते. यालाच मागून येणारे शहाणपण म्हणतात. चांगला परीक्षक त्यापासून स्वतःला जपतो. अर्ज आला त्या तारखेच्या आदल्या दिवशी तो मनाने जाऊन बसतो, जुनी कागदपत्रे काढतो आणि विचारतो, 'यांतले कोणते कागद एकत्र ठेवावेत असे त्या दिवशी कारागिराला का वाटावे?' कारण सापडले नाही, तर 'हे उघडच आहे' असे म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. शोध घेताना तसेच आसन एखाद्या दूरच्या देशातील कागदात सापडलेच, तर अर्ज नाकारला जाईल. पण तो कागदाच्या आधारे, खांदे उडवून नव्हे.

माझ्या हातून आणखी एक गोष्ट राहिली. अर्ज करण्यापूर्वी युक्ती चारचौघांत मांडली, की नवेपणा धोक्यात येतो. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना बारा महिन्यांची सवलत आहे, पण शाळेचे प्रदर्शन त्यात बसत नाही. यावर एक उपाय आहे. आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून तारीख मिळवायची आणि पूर्ण तपशील बारा महिन्यांच्या आत द्यायचा. हे तिला कोणीतरी आधी सांगायला हवे होते. सांगण्यासारखा माणूस त्या सभागृहात मीच होतो, आणि मी बक्षिसांची यादी करीत होतो.

पुढच्या आठवड्यात मी शाळेत गेलो. बक्षिसे वाटून झाली होती, ती बदलणे शक्य नव्हते. मी तिला वर्गासमोर सांगितले, की तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, म्हणून मी हसलो. ती काही बोलली नाही. तिने वहीचे पुढचे पान काढून दाखवले. कड चार बोटांऐवजी सहा बोटे ठेवली तर काय होते, याचे तक्ते तिने आखून ठेवले होते.

करून पाहा

दोन सारख्या वाट्यांत सारखे पाणी घ्या. जुन्या टॉवेलच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एक पट्टी पूर्ण पाण्यात बुडवा. दुसरीचे एक टोक पाण्यात ठेवून दुसरे वाटीबाहेर वाऱ्यावर लोंबू द्या. बाहेरचे टोक वाटीतील पाण्याच्या पातळीपेक्षा वरच राहील असे पाहा, नाहीतर पाणी ठिबकून जाईल. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्यांतील पाणी मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. आणि तुमच्या युक्तीला कोणी 'यात नवे ते काय?' असे म्हणाले, तर रागावू नका. वही उघडून त्यांच्यापुढे ठेवा.