तुमचा हात घट्ट आहे

पुण्यात लोकरीची दुकानं चालतात कशी, हा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला पडतोच. थंडी जेमतेम दोन महिने, तीही अलीकडे स्वेटर कपाटातून निघायच्या आत संपते. पण लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेच्या आसपासची, किंवा मुंबईत दादरची अशी दुकानं थंडीवर जगतच नाहीत. ती जगतात बाळंतविड्यावर. घरात कुणाला सातवा लागला की आई, सासू, मावशी, आत्या यांपैकी कुणीतरी पिशवी घेऊन दुकानाची पायरी चढते. टोपडं, मोजे, स्वेटर, दुपटं. बाळ ऐन वैशाखात होणार असलं तरी टोपडं लोकरीचंच हवं, त्यात तडजोड नाही. दुसरा आधार रुखवताचा: क्रोशाचे रुमाल, तोरणं, ताटावरची झाकणं. रुखवत आता भाड्यानंही मिळतं, त्यामुळे तो आधार थोडा कमी झालाय.

दुकान म्हणजे भिंतभर खण, खणांत रंगवार लावलेले गुंडे, आणि काउंटरच्या कडेला दोन-तीन स्टुलं. माझ्या मते या दुकानातला खरा माल त्या स्टुलांवर असतो. अनेक ठिकाणी रीत ठरलेली: लोकर आमच्याकडून घ्या, शिकवण्याचे पैसे नाहीत. काही जण दुपारी रीतसर क्लास घेतात, फीही घेतात. बाकीची पेठ शटर ओढून वामकुक्षी करत असते तेव्हा इथे सुया चालू असतात. शिकवणाऱ्या बहुधा मालकीणबाईच, किंवा त्यांच्या सासूबाई. सगळ्या गिऱ्हाइकांच्या त्या काकू.

शिकायचं म्हटलं तर फार नाही. टाके दोनच, सुलट आणि उलट. सुलट विणताना धागा मागे, उलट विणताना पुढे. सगळ्या सुया, म्हणजे ओळी, सुलट घेतल्या की दोन्ही बाजूंनी सारखं, जाडसर कापड होतं. एक सुई सुलट, एक सुई उलट घेतली की नेहमीचं गुळगुळीत विणकाम. त्याच्या कडा मात्र आत वळतात, म्हणून खाली दोन सुलट-दोन उलट अशी बॉर्डर, जी ताणते आणि परत जागेवर येते. वेण्या, जाळ्या, पानं सगळी यातूनच निघतात. एवढं तर मोबाइलवर फुकट दिसतं. मग स्टुलावर येऊन बसायचं कशाला?

कारण मोबाइल बरोबर काय ते दाखवतो. तुमचं काय चुकलंय ते त्याला दिसत नाही. काकूंना दिसतं. एखादी मुलगी वीतभर पट्टी घेऊन येते आणि म्हणते, "तीस टाके घातले होते हो, आता छत्तीस कसे झाले?" काकू टाके मोजत नाहीत. पट्टीची कड बोटांनी चाचपतात. टाका वाढलाय तो दर वेळी सुईच्या सुरुवातीला. म्हणजे धागा खालून मागे न जाता सुईवरून ओढला जातोय. त्यानं पहिला टाका उचलला जातो, त्याचे दोन पाय वर दिसतात, आणि नवा हात त्यांना दोन टाके समजून विणतो. वाढलेला टाका मध्येच असला तर कारण वेगळं: चार पदरी धाग्यात सुई शिरून तो दुभंगलेला असतो, किंवा सुलटावरून उलटावर जाताना धागा सुयांमधून पुढे आणायचा राहिलेला असतो. "उसवा," काकू म्हणतात. मुलीचा चेहरा पडतो. पण सगळंच उसवावं लागतं असं नाही. टाका सुटून आठ ओळी खाली गेला असेल तर काकू क्रोशाची सुई घेतात, आडवा धागा एकेक करून त्या टाक्यातून ओढत वर आणतात आणि टाका पुन्हा सुईवर चढवतात. मिनिटभराचं काम. हे पाहिल्यावर शिकणारीची भीती जी जाते ती कायमची.

उजव्या हाताच्या मुलीला काकू शेजारी बसवतात, डावरीला समोर. आरशात पाहिल्यासारखं तिला सगळं आपल्या बाजूनं दिसतं.

मग हाताचा प्रश्न. त्याच सुया, तीच लोकर, तेवढेच टाके, आणि दोघींचे स्वेटर दोन मापांचे. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. पुस्तकातले टाके डोळे झाकून घालू नयेत, आधी चार बोटं नमुना विणून मोजावा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि करत कुणीच नाही. काकू नमुना बघून सांगतात, "तुमचा हात घट्ट आहे, दहा सोडा, नवाची घ्या." सुयांचे आपल्याकडे चालणारे जुने नंबर उलटे: १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटरची बारीक सुई, १० नंबर सव्वातीनची, ९ पावणेचारची. कुणाच्या आईचा अर्धवट राहिलेला स्वेटर पुरा करायला येतो तेव्हा याच हाताची अडचण होते. लोकर मिळते, नमुना उतरवता येतो, आईचा हात मिळत नाही. काकू अशा वेळी सुया बदलून बघतात, तरी जिथे हात बदलला ती ओळ जाणत्या डोळ्याला सापडतेच.

सुया बहुतेक पोनीच्या, म्हणजे निलगिरीतल्या केट्टी इथल्या कारखान्यातल्या. लोकर लुधियानाची. तीही बहुतांश अ‍ॅक्रिलिक. मेंढीचा तिच्याशी संबंध नाही. धागा जाळून पाहावा: खरी लोकर केसासारखा वास देऊन चुरगळणारी राख होते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. बाळाच्या कपड्याला मात्र काकू बिनदिक्कत अ‍ॅक्रिलिकच देतात. रोज धुवायचं, टोचायला नको. महाराष्ट्राची स्वतःची लोकर म्हणजे धनगरांच्या दख्खनी मेंढीची, काळी आणि राठ. सणगर तिची खड्डीवर घोंगडी विणतात, चिंचोक्याची खळ देतात. ती पावसाला दाद देत नाही, पण त्या लोकरीचं टोपडं काही व्हायचं नाही. आणखी एक गोष्ट काकू प्रत्येकीला बजावतात: गुंडे एकदमच घ्या. रंगाचा नंबर तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलते आणि पाठीवर आडवी रेघ उमटते. पैसे कमी असतील तर त्या लॉटचे गुंडे नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात.

कोविडनंतर स्टुलांवर नवी पिढी आली. तिला स्वेटर नको, क्रोशा हवा: बाहुल्या, पिशव्या, टॉप, फुलं. साखळी, खांब, मुका खांब एवढ्यावर काम सुरू होतं आणि हातात एकच सुई, त्यामुळे बसमध्येही जमतं. यात मुलगेही दिसतात. काकूंना त्याचं काही वाटत नाही, मुलांच्या आयांना थोडं वाटतं.

क्रोशाचं एक मोठं वैशिष्ट्य या मुलामुलींना लवकर कळतं. विणकामाचं यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रजानं १५८९ मध्येच काढलं. क्रोशाची हुबेहूब नक्कल करणारं यंत्र मात्र अजून बाजारात नाही. मॉलमध्ये पाचशे रुपयांत खरा क्रोशाचा टॉप दिसला तर तो कुणीतरी हातानंच केलेला असतो, आणि करणारीला किती मिळाले असतील याचा हिशेब सोपा आहे. आंध्रात नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकांना ही कला शिकवली. पुढे तिची लेस परदेशी जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये तिथल्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा की त्यांना कामगार न धरता फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी धरलं गेलं, म्हणून मजुरी नगण्य राहिली. आपल्याकडे त्यालाच हौस म्हणतात. दिवसभर मान मोडून केलेल्या कामाची किंमत सांगताना चांगल्या विणणाऱ्या बायका चाचरतात, "लोकरीचेच द्या" म्हणून मोकळ्या होतात.

काकूंनी ही सवय मोडायचं मनावर घेतलंय. ऑर्डर आली की मजुरी त्याच ठरवतात, विणणारीला बोलूच देत नाहीत. गिऱ्हाईक आकडा ऐकून म्हणतं, "एवढ्यात दोन रेडिमेड येतात."

"मग दोन घ्या की," काकू म्हणतात, आणि स्टुलावरच्या मुलीची पट्टी पुन्हा हातात घेतात.