पांढरा किडा आणि निरपराध्यास शिक्षा

सोलापुरात ऊन तापू लागले, की अंगणातील जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरी, पिठूळ लव चढते, पाने आखडतात, कळ्या गळतात. आणि ज्या गृहस्थाने घरच्या पाण्यात काटकसर करून ते झाड वाढविले, त्याचा हात साहजिकच औषधाच्या पंपाकडे वळतो. जे जे पांढरे ते ते पिठ्या ढेकूण, हा त्यामागील समज, आणि त्यापायी निरपराध्यास देहान्त शिक्षा होते. कारण त्याच गर्दीत, अंगावर मेणाचे पांढरे लोंबते धागे असलेली, पिठ्याहून मोठी अशी जी अळी आढळते, ती पुष्कळदा क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची किंवा त्याच्या एखाद्या भाऊबंदाची असते. हा मूळचा ऑस्ट्रेलियातील कीटक १८९८ साली हिंदुस्थानात आणला गेला. पिठ्या ढेकूण हेच त्याचे मुख्य भक्ष्य असल्यामुळे द्राक्षबागांत तो मुद्दाम सोडण्यात येतो. काडीने हलकेच डिवचावे : पिठ्या जागचा मुश्किलीने हलतो, अळी लगबगीने चालू लागते. एवढा तपास केल्यावाचून फवारणीचा हुकूम सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किडके शेंडे छाटून नष्ट करणे आणि पाण्याची जोरदार धार मारणे, एवढ्याने प्रारंभी पुष्कळ काम भागते.

पानांवरील काळ्या थराविषयीही असाच भ्रम आहे. गिरण्यांची धुराडी पाहिलेल्या या शहराला काजळी म्हटले की धूर आठवावा, हे स्वाभाविक आहे. परंतु ही काजळी म्हणजे मावा, पिठ्या, खवले कीड यांनी सोडलेल्या गोड चिकट्यावर वाढणारी बुरशी होय. त्याच चिकट्यासाठी मुंग्या खोडावर ये-जा करतात आणि मोबदल्यात मित्रकीटकांना हुसकावून किडीचे रक्षण करतात; म्हणून मुंग्यांची वाट अडविणे हा खरा उपाय.

गुलाबाच्या वा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल काप दिसले, तर तेथे अळी शोधू नये. पानकापी मधमाशी ते काप आपल्या पिलांच्या घरट्यासाठी नेते; पान ती खात नाही, आणि परागसिंचन मात्र करते.

कण्हेरीच्या शेंड्यावरील पिवळ्या माव्यांत काही फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसतात. त्यांच्या पोटात चिमुकल्या परोपजीवी माशीची अळी वाढत असते, आणि पाठीवर वाटोळे भोक असेल, तर ती माशी होऊन पुढच्या माव्याकडे गेलेली असते.